भांडुपच्या फ्रीजमधला मंगळ

माझ्या बायकोच्या पत्रिकेत मंगळ होता, म्हणून तिचं लग्न अडलं होतं. माझ्याही पत्रिकेत तो होता, म्हणून ते माझ्याशी झालं. मंगळाला मंगळच लागतो, असं मध्यस्थांचं म्हणणं. तिच्या मामाच्या घाटकोपरच्या घरी आम्ही मुलगी बघायला गेलो, तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींना इतकं हायसं वाटलं होतं की मुलगा काय करतो, हे विचारायचंच राहिलं.

मुलगा पाणी तपासायचा. शहराला जाणाऱ्या पाण्याचा गढूळपणा, त्यातला क्लोरीन, आम्लता, सगळं दिवसातून अनेकदा मोजायचं आणि वहीत लिहायचं. तीस-बत्तीस वर्षं हेच केलं. या कामाने माणूस चिकित्सक होतो असं माझं मत आहे. किरकिरा होतो, असं तिचं. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी मला एक काचेचा मेजरिंग सिलिंडर भेट दिला. लोकांना घड्याळ मिळतं, शाल मिळते. मला सिलिंडर मिळाला, आणि पुढे घरात त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी उरली नाही.

कारण दोन वर्षांत तिच्या किडन्यांनी हात टेकले. रक्तदाबाने त्या आतून पोखरल्या होत्या आणि आम्हाला पत्ता नव्हता. आठवड्यातून तीनदा मुलुंडच्या सेंटरवर डायलिसिस सुरू झालं: मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. आणि डॉक्टरांनी पाण्याला लगाम घातला. चहा, आमटी, औषधाच्या गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं धरून दिवसाला एक लिटरच्या आत. शरीरात गेलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती. ते साचून फुफ्फुसात चढतं, हे मला समजावून सांगितलं गेलं, आणि मी सिलिंडर काढला. सकाळी बाटली भरायची, त्यातून दिवसभर मोजून द्यायचं. ती पेल्याकडे बघायची, मी रेघेकडे.

तहान काय असते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी पाण्याच्या खात्यातला माणूस, पण तहानेशी माझा संबंध आला नव्हता. ती आमटीचा डाव हातात घेऊन नुसती उभी राहायची. टीव्हीवर नदी दिसली की चॅनल बदलायची. एकदा सेंटरमधल्या सिस्टर म्हणाल्या, पाण्यापेक्षा बर्फ चघळू द्या, तेवढ्याच पाण्यात तोंड जास्त वेळ ओलं राहतं. तेव्हापासून मी बाटलीतलं निम्मं पाणी आईस ट्रेमध्ये ओतू लागलो. एका खड्याला पंधरा मिलिलिटर. हेही अर्थात मोजून.

पहिल्या मंगळवारी तिच्या हातात दोन जाड सुया जाणार होत्या. तिने तिकडे बघू नये म्हणून मी खुर्चीवर पडलेली वर्तमानपत्राची पुरवणी उचलली आणि मोठ्याने वाचायला लागलो. मंगळावर बर्फ आहे, असा तो लेख होता. ध्रुवांवर आहेच, पण इतरत्रही, धुळीच्या थराखाली, काही ठिकाणी अगदी हात-दोन हात खोल. उल्का आदळून खड्डा पडला की आत पांढरंशुभ्र दिसतं. पुढेमागे माणसं तिथे जातील तेव्हा तोच बर्फ खणून पितील, त्याच्यातून श्वासाची हवा काढतील, परतीच्या प्रवासाचं इंधन करतील. सुया टोचून झाल्या, नळ्या लाल झाल्या, तरी ती ऐकत होती.

"आयुष्यभर माझ्या पत्रिकेत बसला," ती म्हणाली. "आता मी जाऊन त्याच्यावर बसते."

मग ते आमचं सुरूच झालं. ती खुर्ची मागे झुकते, हाताला पट्टा बांधतात, कानाशी यंत्र घरघरत असतं, आणि आतून थंडी भरते म्हणून अंगावर चादर घ्यावी लागते. यानात बसणं याहून वेगळं काय असणार, असं तिला वाटलं. मी कागदावर आकडेमोड केली. मंगळावर पोचायला सात महिने तरी लागतात. आठवड्याचे बारा तास, या वेगाने गेलो तर आपल्याला आठ वर्षं लागतील.

"लागू देत," ती म्हणाली. "तेवढी जगेन तरी."

हे ती हसत म्हणाली, पण मी कागद घडी करून खिशात ठेवला. त्या कागदापाठीमागे आम्हा दोघांची एकच इच्छा होती, ती पोचायची.

पलीकडच्या खुर्चीवर मानखुर्दचे एक गृहस्थ असत, निवृत्त बसड्रायव्हर. चार दिवस त्यांनी आमचं बोलणं ऐकून घेतलं आणि पाचव्या दिवशी म्हणाले, "वहिनी, यान मी चालवतो. तुम्ही फक्त बर्फ काढा." त्यांना सिग्नल नसलेला रस्ता जन्मात मिळाला नव्हता. त्यानंतर आम्ही आत शिरलो की ते आधी विचारायचे, "कुठवर आलो?" मी काहीतरी ठोकून द्यायचो. चंद्र मागे गेला, आता दोन्हीकडे काळोख, असं. ते समाधानाने डोळे मिटून घ्यायचे.

मी घरी फोनवर शोधून शोधून वाचायचो आणि सेंटरवर तिला सांगायचो. तिचे प्रश्न सगळे घरच्या बाईचे. खणणार कशाने? ठेवणार कशात? उघडा राहिला तर वितळत नाही का? मी सांगितलं, तिथली हवा इतकी विरळ आहे की उघड्यावर बर्फाचं पाणी होतच नाही. तो तसाच हवेत उडून जातो, मागे ओल राहत नाही.

"कापरासारखा," ती म्हणाली.

"हो, कापरासारखा."

"आणि वर धूळ असली की टिकतो. आपल्या मासळीबाजारात भुशाखाली लादी टिकते तसा."

आमच्या प्रयोगशाळेतल्या कुणालाही हे इतकं सोपं करून सांगता आलं नसतं. मग मी पुढचं सांगितलं: त्या बर्फात क्षार असतात, मातीत तर विषारी क्षार आहेत, त्यामुळे काढला आणि प्यायला असं चालणार नाही, तो गाळून शुद्ध करावा लागेल. आणि एकदा प्यालेलं पाणी वाया घालवायचं नाही. घाम, लघवी, सगळं पुन्हा स्वच्छ करून प्यायचं. ती आपल्या शेजारच्या यंत्राकडे बघत राहिली. तिचं रक्त तिथून गोल फिरून परत तिच्याकडे येत होतं.

"म्हणजे माझंच सामान आहे की सगळं," ती म्हणाली. "त्यांना कळवा. मोजून दिलेल्या पाण्यात दिवस काढणारी बाई आहे म्हणावं इकडे. तयार. शिकवावं लागणार नाही."

ड्रायव्हरसाहेब डोळे न उघडता म्हणाले, "दोन सीट सांगा."

ते दिवस वाईट होते असं मला आता म्हणवत नाही. दुपारी सेंटरवरून आलो की ती झोपायची आणि मी तिच्या शेजारी जमिनीवर आडवा व्हायचो. अर्धवट झोपेत मला लाल मैदान दिसायचं, त्यावर आमच्या दोघांच्या पावलांचे ठसे. वारा अगदी हलका. मी फावड्याने धूळ बाजूला करायचो आणि खाली पांढरं लागायचं. मोजायला जवळ काही नसायचं. मला त्या स्वप्नातून उठायचा कंटाळा यायचा.

गणपती आले आणि आमची इमारत रिकामी झाली. आमच्याकडे सगळे कोकणातले. गौरी-गणपतीला इथे थांबतो तो एकतर आजारी असतो नाहीतर ड्युटीवर. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच माहेरच्या गणपतीला गेली नव्हती. तिच्या भावाने व्हिडिओ कॉल करून आरती दाखवली. आरती संपल्यावर ती त्याला म्हणाली, "रे, माका बाव दाखव." बाव म्हणजे विहीर. तो फोन घेऊन मागच्या अंगणात गेला. विहीर दिसली, रहाट दिसला, विहिरीवर वाकलेला माड दिसला. फोन ठेवल्यावर तिने मला एक खडा मागितला.

पुढच्या रविवारी सकाळी भाऊ गावाहून परतला तो थेट आमच्याकडे. सोबत त्याच माडाची चार शहाळी. आजारी माणसाला बघायला जाताना आपल्याकडे दुसरं काय नेतात? वर्षभरात आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाने शहाळंच आणलं होतं, आणि ती सगळी मी वॉचमनला दिली होती. शहाळ्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं. किडनी ते बाहेर टाकू शकली नाही की ते रक्तात वाढतं आणि हृदय बंद पाडतं. फ्रीजच्या दारावर लावलेल्या आहाराच्या कागदावर 'नारळपाणी' या शब्दाखाली मी स्वतः लाल पेनने दोन रेघा मारल्या होत्या.

पण ही शहाळी तिने मला देऊ दिली नाहीत. त्यांच्यावरून हात फिरवला, देठाचा वास घेतला आणि म्हणाली, "असू देत. बघायला बरी वाटतात." आणि झोपली.

मी त्या चार शहाळ्यांसमोर बसलो होतो. एवढ्याने काय होतंय, असं माझ्या मनात आलं. प्रयोगशाळेत हे वाक्य कुणी उच्चारलं की माझं डोकं फिरायचं. हाताखालच्या माणसांना मी त्यावरून फैलावर घेतलेलं आहे. आणि आता तेच वाक्य माझ्याच तोंडी आलं, वर त्याला शास्त्रही जोडलं. निम्मं शहाळ्याचं, निम्मं साधं पाणी. मिसळलं की सौम्य होतं. शिवाय दिवसाच्या लिटरमध्येच धरायचं, मग कसली भीती? मंगळावरच्या बर्फातही काहीबाही मिसळलेलं असतंच. मी शहाळं फोडलं, सिलिंडरमध्ये मोजलं आणि ट्रे भरला.

चार वाजता वाटीत तीन खडे घालून तिच्यापुढे धरले. "मंगळावरून आलाय," मी म्हणालो. "पहिला नमुना. चाखून रिपोर्ट द्यायचा."

तिने एक खडा तोंडात टाकला. तिचे डोळे एकदम माझ्याकडे वळले, मग खिडकीकडे गेले. बराच वेळ ती तो जिभेवर घोळवत बसली.

"चांगला आहे," ती म्हणाली. "आणखी आहे?"

होता. मी पुन्हा ट्रे लावला, मग पुन्हा. सोमवारी मी त्यात साधं पाणी मिसळायचंही सोडलं होतं, कारण तिला इतकं खूश मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्या दोन दिवसांत तिने साध्या पाण्याचं नाव काढलं नाही. रिकाम्या इमारतीत कुठे भांडं वाजत नव्हतं, लिफ्टचा आवाज नव्हता. आम्ही चटईवर पडून मंगळावरचं घर बांधत होतो. ती म्हणाली, अंगणात विहीर पाहिजे. मी म्हणालो, विहिरीत पाणी नसेल, तळाशी बर्फ असेल. चालेल, म्हणाली, रहाटाने बर्फ काढू. आणि कडेला एक माड. त्याला बाहेर जगता येणार नाही, मी म्हणालो. मग माडालाही घर बांधा, ती म्हणाली, तुमचं काय जातंय? मग ती वाटी छातीवर ठेवून तशीच झोपली. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला वाटत होतं की आपण हिला बरं केलं.

शनिवार ते मंगळवार ही आमची सगळ्यांत लांब मजल. मधे यंत्र नाही, रक्त साफ होत नाही, जे साचतं ते साचत जातं. त्या मंगळवारी रिक्षातून उतरताना तिचे पाय उचलेनात. "जड झालेत," ती म्हणाली. आत ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं, "कुठवर आलो?" तर तिने नुसता हात हलवला. सिस्टरांनी नाडी धरली आणि त्यांचा चेहरा बदलला. पाच मिनिटांत छातीला वायरी लागल्या, कागदाची पट्टी बाहेर आली आणि डॉक्टर धावत आले.

"काय खाल्लं? केळी? शहाळं? काय दिलंत त्यांना?"

ते मला विचारत होते. माझं तोंड उघडलं होतं. पण ती खुर्चीवरून बारीक आवाजात म्हणाली, "प्रसादाची केळी खाल्ली मी. शेजारी. यांना माहीत नाही."

आणि मी गप्प राहिलो. तिला ढकलत आयसीयूकडे नेलं, दार बंद झालं, तरी मी गप्पच.

त्या दाराबाहेर मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पत्रिकेला घाबरलो. मंगळ जोडीदाराला खातो असं म्हणतात, त्यावर मी जन्मभर हसलो होतो. आता वाटलं, कुठला मंगळ? ग्रह बिचारा कोट्यवधी मैल दूर, तिला खायला मी वाटीत घालून दिलं होतं. त्याहून लाज वाटली ती माझ्या गप्प बसण्याची. ती तिथे हृदय थांबायच्या बेतात असताना माझी अब्रू सांभाळत होती. मी उठलो, दार ठोठावलं. डॉक्टर बाहेर आले.

"केळी नाही. शहाळं होतं. मी दिलं."

"किती?"

मी मिलिलिटरसकट सांगितलं. रविवारचं वेगळं, सोमवारचं वेगळं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. "एवढं मोजलंत," ते म्हणाले आणि आत गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इंजेक्शनं झाली, आतल्याच यंत्रावर डायलिसिस झालं आणि दुपार कलताना सिस्टरांनी येऊन सांगितलं की नाडी ठीक आहे. मी तिथेच भिंतीला टेकून रडलो. तीन दिवसांनी ती घरी आली. घरी आल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाल्कनीतलं उरलेलं शहाळं वॉचमनला देऊन टाकलं.

दुपारी मी तिच्या पायाशी बसलो. बोलायचं खूप ठरवलं होतं, पण एवढंच म्हणालो, "चुकलो गं मी."

"पहिल्याच खड्याला कळलं होतं मला," ती म्हणाली. "आमच्या बावीच्या माडाचं पाणी, न कळायला काय झालं?"

"मग थुंकलं का नाहीस?"

"हावरटपणा झाला." ती म्हणाली. "आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता. एरवी देताना सिलिंडरकडे बघता. वर्ष झालं. म्हटलं, बघू देत."

मी चिडलो. मला राग येतो तेव्हा भीतीच आलेली असते, हे तिला ठाऊक आहे. "मेली असतीस," मी म्हणालो.

"हो. पण मला मरायचं नाहीये. म्हणून आता ऐका. तो सिलिंडर इकडे आणा. आजपासून माप माझ्याकडे. माझी तहान, मी मोजीन."

मी आणून दिला. तिने तो उजेडात धरून बघितला आणि उशाशी ठेवला.

"आणि दुसरं," ती म्हणाली. "तुम्ही स्वयंपाकघराचं दार लोटून, नळ सोडून, माझ्याकडे पाठ करून पाणी पिता. रोज. माका सगळा ऐकाक येता."

मला वाटलं होतं, नळाच्या आवाजात घोटाचा आवाज लपतो.

"पेला भरून आणा. इथे बसा. माझ्यासमोर प्या."

"मला नाही जमणार."

"जमेल. असं समजा, तुम्ही पोचलात. बर्फ खणला, गाळला, शुद्ध केला. पहिला पेला तुमच्या हातात आहे. मी इथे भांडुपला बसलेय, सगळ्या पृथ्वीसारखी, वाट बघत. प्या, आणि कसं लागतं ते सांगा. नुसतं 'बरं आहे' म्हणायचं नाही. तुम्ही पाण्यातले ना? नीट सांगा."

मी पेला भरून आणला. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. पहिला घोट घेतला, आणि इतक्या वर्षांत पाण्याचं जे कधी लिहिलं नव्हतं ते शोधायला लागलो.

"आधी ओठांना गार लागतं," मी म्हणालो. "मग दातांना. क्लोरीनचा वास आहे, अगदी पुसट. जिभेवर गोडसर वाटतं, पण गोड नाही. मग जिभेच्या मागे जातं."

तिने डोळे मिटले होते. "मग?"

"मग घसा आपोआप उघडतो. आणि खाली छातीपर्यंत गार रेघ उतरत जाते."

तिचा गळा हलला. तिने माझ्याबरोबर कोरडा आवंढा गिळला होता.

"थांबू नका," ती म्हणाली. "आणखी एक घोट घ्या."